अजून दोन रुमाल राहिलेत

भोरमध्ये आनंदराव पाटलाची ओळख विचारली तर लोक सांगत, "ते जुने कागद वाचणारे मास्तर." शाळेत तो इतिहास शिकवायचा आणि मी गणित. त्याआधी पुण्याला कॉलेजात चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली. म्हणजे माझी त्याची संगत एकोणीस-वीस वर्षांची. एवढ्या संगतीनंतर माणसाविषयी चांगलं लिहिणं सोपं असतं. खरं लिहिणं अवघड, आणि मी काही लेखक नाही. तरी लिहितो, कारण न लिहिता आता चैन पडत नाही.

तो उंबरवाडीचा. भोरहून भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेने निघायचं, खिंड चढून उतरायची, की पासली लागते. आणि पासलीच्या वरच्या अंगाला पाऊण तासाच्या चढावर उंबरवाडी. साठ-सत्तर घरं, भाताची खाचरं, वर टेपावर धनगरांची चार खोपटं आणि मधोमध भैरोबाचं देऊळ. या गावाची एक गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याही गावाची ऐकलेली नाही. तिथे होळी पेटत नव्हती. शिमगा आला की उंबरवाडीची पोरं पासलीला जाऊन बोंबलून यायची. स्वतःच्या गावात बोंब मारायचीसुद्धा सोय नव्हती.

कारण होतं पोळी. होळीला पहिली पोळी वाहायचा मान पाटलांच्या थोरल्या घराचा. पण पाटलांची घरं दोन, दोन सख्ख्या भावांचा वंश, आणि दोन्ही घरं म्हणत, थोरले आम्हीच. एका वर्षी दोघांनी एकाच वेळी ताट पुढे केलं. काठ्या निघाल्या, एकाचा हात मोडला, आणि कचेरीतून हुकूम आला की थोरलेपण कागदाने सिद्ध होईपर्यंत होळी बंद. कागद होते. देवळातल्या लाकडी पेटीत नऊ रुमाल होते, म्हणजे कापडात बांधलेली जुन्या कागदांची नऊ गाठोडी. पेटीला दोन कुलपं. एक किल्ली आनंदरावाचे वडील चिमाजी पाटील यांच्या कडदोऱ्याला, दुसरी कोंडिबा पाटलांच्या. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही असा कायदा. पण उघडून करायचं काय? दोनशे वर्षांपूर्वीची मोडी दोघांच्याही बापजाद्यांना वाचता आली नव्हती. भोरला वाचणारे कारकून होते, पण चिमाजींनी आणलेला कोंडिबांना पटेना आणि कोंडिबांनी आणलेला चिमाजींना. अशी सतरा-अठरा वर्षं गेली.

यावर चिमाजींनी जो उपाय काढला तो काढायला तसलंच डोकं लागतं. त्यांनी पोराला इतिहास शिकायला पाठवलं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की पुण्याला कॉलेजात इतिहास म्हणून विषय असतो आणि त्यात मागचं सगळं वाचायला शिकवतात. लोक म्हणाले, पाटील, शिकवताच आहात तर वकील करा, मामलेदार करा. चिमाजी म्हणाले, "वकील काय, दोन्ही बाजूनं बोलतो. मला खरं वाचनारा पायजे." हे वाक्य त्यांनीच उच्चारलं होतं. पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.

पुण्याला आल्यावर आनंदरावाला कळलं की तिथे इतिहास म्हणजे इंग्लंडचा इतिहास. कोणता राजा कोणत्या साली गादीवर बसला, पार्लमेंटने कोणता कायदा केला, ग्रीस, रोम. मोडीचं नाव नाही. सुटीत घरी गेला की चिमाजी विचारत, "कुठवर आलं?"

"आठव्या हेन्रीपर्यंत."

"त्यो कुठला?"

"विलायतेचा राजा. सहा बायका केल्या त्यानं."

"बरं बरं. आपल्या होळीपतुर कवा येतंय?"

हे तो खोलीवर येऊन नक्कल करून सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. पण तिसऱ्या वर्षी त्याचं हसणं कमी झालं. आमच्या कॉलेजात एक सर होते, त्यांना जुने कागद जमवायचा नाद होता. खेड्यातला मुलगा बघून त्यांनी आनंदरावाला रविवारी घरी बोलावलं आणि जुनी मोडी शिकवायला सुरुवात केली. सहा महिन्यांत तो असा वाचायला लागला की सर त्याच्याकडून वाचून घेऊ लागले. एका रविवारी तो धावतपळत खोलीवर आला. कुठल्याशा कुणब्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहवून घेतलेला अर्ज त्याने वाचला होता. बैल डोंगरावरून कोसळून मेला, पेरणी तोंडावर आलीय, एक बैल द्यावा. "माणूस कधीच गेला," तो म्हणाला, "बैलही गेला. आणि मला इथं बसून त्याच्या पेरणीची काळजी लागलीय." त्याचे डोळे भरले होते. मला त्या दिवशी त्याचा हेवा वाटला. गणिताने मला कधी रडवलं नव्हतं, नापास केलं तेवढ्यापुरतं सोडून.

तेव्हा इतिहास घेऊन बी. ए. झालेल्याला वाटा तरी किती होत्या? कायद्याला जा, मामलेदारीच्या परीक्षेला बसा, नाहीतर शाळेत मास्तर व्हा. अगदी दैव उघडलं तर कॉलेजात शिकवा आणि स्वतःचं काही लिहा. आनंदरावाच्या मनात ही शेवटचीच वाट भरली होती, आणि सरांनी ती त्याला उघडून दिली. परीक्षा झाल्यावर जूनपासून त्याने कॉलेजात फेलो म्हणून यायचं, शिकवता शिकवता एम. ए. करायचं, पुढे तिथेच प्राध्यापक. एवढं ठरलं. त्याने हे फक्त मला सांगितलं. घरी सांगायला तो धजला नाही. "आधी होळी पेटू दे," म्हणाला. "आबा खूश झाले की त्याच पावली सांगतो."

सन एकोणीसशे तीसचा चैत्र. परीक्षा देऊन तो उंबरवाडीला गेला. देवळात सगळं गाव जमलं. तंटा असा होता की चिमाजींचाच मुलगा वाचणार म्हटल्यावर कोंडिबा नाही म्हणणार, अशी सगळ्यांची खात्री. पण कोंडिबा उठून म्हणाले, "पोरगं शिकल्यालं हाय. शिकल्यालं मानूस खोटं वाचायचं न्हाई. आनंदा वाचंल त्ये मला कबूल." मग दोन्ही घरांनी भैरोबापुढे बेल-भंडार उचलला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ आमच्याकडे कोर्टाच्या वरची. शपथ अशी, की आनंदराव वाचून सांगेल तो निकाल. आणि तो सांगत नाही तोवर त्याने भोरच्या पलीकडे मुक्काम हलवायचा नाही, दुसऱ्या कोणी पेटीला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. कोंडिबा समोर तंबाखू मळत बसले, चिमाजी खांबाला टेकून. पहिल्याच रुमालात, वरून चौथा की पाचवा कागद. गावच्या पंचांनी मिळून लिहिलेला निवाडा, खाली सह्यांऐवजी नांगराच्या निशाण्या. वडील भाऊ सटवोजी, धाकटा भाऊ रायाजी, होळीची पोळी सटवोजीने आधी वाहावी, रायाजीने मागून. सटवोजी म्हणजे कोंडिबांचा मूळपुरुष. निकाल लागला होता, दोनशे वर्षांपूर्वीच.

पुढे काय घडलं ते मला आनंदरावाने पंधरा वर्षांनी सांगितलं, पण ते इथेच सांगायला हवं. त्या दिवशी त्याने निकाल सांगितला नाही. म्हणाला, आज एवढंच. दिवस मावळायला चिमाजींनी त्याला गोठ्यात गाठलं. म्हशीला वैरण टाकत पाठमोरेच विचारलं, "आपलं न्हाई, व्हय?"

"न्हाई, आबा."

चिमाजी बराच वेळ वैरणच सारखी करत राहिले. मग म्हणाले, "खोटं वाच म्हनत न्हाई म्या."

"मग?"

"वाचतुया म्हन. इतके कागद हाईत, लोकांला काय ठावं किती दिस लागत्यात. म्या डोळं मिटल्यावर सांग काय सांगायचं त्ये." आणि त्या माणसाने डोक्यावरचं पागोटं काढून मुलाच्या पायांवर ठेवलं. आनंदराव म्हणाला, बापाचं उघडं डोकं त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पांढरं, मधोमध विरळ. त्याने पागोटं उचलून परत डोक्यावर ठेवलं आणि हो म्हणाला. त्याला वाटलं, जूनपर्यंत आबांचं मन वळेल. चिमाजींनी त्याच्याकडून भंडाऱ्याची शपथ घेतली. झालं. एकीकडे गावाची शपथ, दुसरीकडे बापाची, आणि हा मधे, जात्यात सापडल्यासारखा.

जून आला. चिमाजी वळले नाहीत. वाचन अर्धवट टाकून पुण्याला जावं, तर गावाची शपथ मोडते. आणि गावात लगेच चर्चा होणार की कागद विरुद्ध निघाला म्हणून पोरगं पळालं. खोटं वाचावं, तर ते त्याला मेला तरी जमलं नसतं. त्याने सरांना पत्र लिहिलं की घरच्या अडचणीमुळे यंदा येणं होत नाही. सरांनी उलटटपाली कळवलं, एक वर्ष जागा धरून ठेवतो. माझी तेव्हा भोरच्या इंग्रजी शाळेत नेमणूक झाली होती. तिथेच इतिहासाच्या मास्तरची जागा रिकामी होती. मी त्याला बोलावून घेतलं. "वर्षापुरता ये," मी म्हटलं. तो आला. मला किती आनंद झाला होता, सांगू नये इतका.

पुढच्या जूनमध्येही तो गेला नाही. जुलैत सरांचं पत्र आलं, जागा दुसऱ्याला दिली. आनंदरावाने ते पत्र वाचून घडी घातली आणि नववीच्या वर्गावर गेला. त्या दिवशी तो काय शिकवत होता मला माहीत नाही, पण त्याच्या वर्गातून एरवी जो गलका यायचा तो आला नाही.

मग वर्षं कशी गेली विचारू नका. दर उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा दिवस आणि होळीला दोन दिवस तो उंबरवाडीला जाई. पेटी उघडे. कोंडिबा समोर बसत, दुपारी आपल्या शिदोरीतली भाकरी त्याला देत. तो वाची. नऊच्या नऊ रुमाल त्याने तेहतीस सालीच संपवले होते, पुढे तेच तेच वाचणं चाललं होतं. होळीला सगळं गाव देवळात जमायचं आणि कोणीतरी विचारायचं, "आनंदराव, झालं का वाचून?"

"अजून दोन रुमाल राहिलेत."

गाव मान हलवून पांगायचं आणि पोरं पासलीच्या वाटेला लागायची. विद्वानाचं काम, वेळ लागणारच, अशी कौतुकाची भाषा व्हायची. चिमाजी खांबाशी बसून हे ऐकत. दरवर्षी त्यांची तब्येत ठणठणीत. मी एकदा त्यांना पाहिलं, सत्तरीच्या घरातला म्हातारा खाचरात गुडघाभर चिखलात उभा राहून भाताची आवणी करत होता. आता सगळं कळल्यावर ते आठवलं की माझ्या मनात जे येतं ते लिहायला मला लाज वाटते. आनंदरावाच्या मनात तेव्हाही तेच येत असणार, आणि आलं की तो त्या आठवड्यात बापाला मुद्दाम काहीतरी खायला पाठवी.

चमत्कार असा की बाकीच्या खोऱ्याचे कागद तो चुटकीसरशी वाचून देई. त्याचं नाव झालं होतं. आंबवड्याहून, पानशेतकडून माणसं कापडात गुंडाळलेले कागद घेऊन त्याच्या ओसरीवर बसलेली असायची. कोणाचा मळा, कोणाचं पाणी, कोणाच्या बैलाला पोळ्याला पुढे चालायचा मान. आनंदराव चष्मा लावून वाची आणि ज्याचं त्याचं तोंडावर सांगे, कडू असो की गोड. एकदा एका कुटुंबाने आपल्या बाजूचं निघेना म्हणून त्याला दोन शिव्या हासडल्या. तो म्हणाला, "कागदावर रागावून काय उपयोग? लिहिणारा मेला, वाचणाऱ्यावर रागवा." आणि मग मला हळूच म्हणाला, "दुसऱ्याच्या घरी खरं बोलणं किती सोपं आहे बघ." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, पण दिव्याला तो दिसत होता, हे वाईट.

मी त्याला खूपदा म्हटलं, गावाचं जाऊ दे, तू काहीतरी लिही. इतके कागद डोळ्यांखालून गेलेत, मावळातल्या गावांचा इतिहास तुझ्याशिवाय कोण लिहिणार? पुण्याच्या मासिकांना पाठव. एक दिवस तो चिडला. तो चिडलेला मी दोनदाच पाहिला, त्यातली ही पहिली वेळ. "ज्याला गावापुढे एक कागद वाचता येत नाही," तो म्हणाला, "त्यानं इतिहास लिहायचा? काय तोंडानं?" तेव्हा मला नीट उमगलं नाही, किंवा उमगून घ्यायचं नव्हतं. पुढे मी तो विषय काढला नाही.

त्याचं लग्न झालं. रतनबाई वेल्ह्याकडच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. भोरची भाड्याची खोली तो दरवर्षी "यंदापुरती" म्हणून घ्यायचा. अंगणात तुळशीचं वृंदावन बांधू द्यायचा नाही, डब्यातच तुळस. रतनबाई एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "भावजी, यंदापुरतं यंदापुरतं करता करता तीन लेकरं झाली. आता सांगा यांना, ती बी यंदापुरतीच हाईत का?" आम्ही हसलो. आनंदरावही हसला, आणि उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

वर्गात मात्र तो वेगळा माणूस असे. मॅट्रिकची मुलं विचारायला येत, कॉलेजात इतिहास घेऊन पुढे काय करता येतं? तर हा तासन्‌तास बोले. वकिली कशी करता येते, वर्तमानपत्रात कसं शिरता येतं, दप्तरखान्यात कसली कामं असतात, प्राध्यापक व्हायला काय लागतं. मुलाचे वडील आले तर त्यांनाही समजावी, कुणाला पत्रं लिहून देई, कुणाला स्वतःची पुस्तकं देई. त्याच्या शिफारशीने पाच मुलांनी इतिहास घेतला. त्यातला एक बेचाळीस साली आमच्याच कॉलेजात फेलो झाला आणि त्याने आनंदरावाला चार पानी पत्र पाठवलं, गुरुवर्य वगैरे. ते पत्र त्याने मला वाचून दाखवलं. आवाज साफ होता. दाखवून झाल्यावर म्हणाला, "सरांच्या खोलीत खिडकीपाशी टेबल आहे, तेच दिलंय त्याला." एवढंच बोलला. मी नळावर पाणी प्यायला गेलो.

पंचेचाळीस सालच्या माघात चिमाजी पाटील गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. तेरावं झालं. त्या वर्षी घरात सण नव्हता, पण होळीला आनंदराव गावाला निघाला आणि म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर." पंधरा वर्षांत त्याने मला होळीला कधी नेलं नव्हतं. खिंड चढताना त्याने मला सगळं सांगितलं. पहिला रुमाल, गोठा, पागोटं. सांगताना तो भराभर चालत होता, मला धाप लागत होती. तो अडतीस वर्षांचा होता आणि त्या दिवशी वीस वर्षांच्या पोरासारखा चालत होता.

देवळात गाव जमलं. कोंडिबा आता पंच्याहत्तरीला आलेले, काठी घेऊन बसले होते. नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत आनंदराव उभा राहिला. त्याने पेटीतून तो कागद काढला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या निशाणीपर्यंत मोठ्याने वाचला. मग म्हणाला, "थोरले कोंडिबाकाका. मान त्यांचा. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पंधरा वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. काय शिक्षा द्यायची ती द्या."

आश्चर्य कोणाच्याच तोंडावर दिसेना. बायका लुगड्याचा पदर सारखा करत बसल्या होत्या. शेवटी कोंडिबा म्हणाले, "आरं, म्हाईत हाय की आमाला."

"काय माहीत आहे?"

"कागद आमच्याकडनं हाय त्ये. त्यात काय मोटं? तुमच्याकडनं आसता तर तुझ्या बानं दुसऱ्याच दिशी वाजंत्री लावली नसती व्हय? तू गप ऱ्हायलास तवाच समद्या गावाला कळलं."

आनंदराव हातात कागद घेऊन तसाच उभा. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? चिमा माजा भाऊच की. मान गेला आसता तर त्यो चार म्हयनं जगला नसता. म्हनलं, ऱ्हाऊ दे. त्यो हाय तवर ऱ्हाऊ दे. होळी काय, आज न्हाई उद्या पेटंल. तुजं बी बरं चाललं व्हतं. भोरात नोकरी, गावाला येनं-जानं, पोरंबाळं."

"मला पुण्याला जायचं होतं, काका." हे तो इतक्या हळू बोलला की मागच्यांना ऐकू गेलं नसेल. "तीस सालीच. तिथं जागा ठरली होती. तुमच्या त्या शपथेनं मी अडकलो."

कोंडिबांनी मान वर केली. "आन् ह्ये कुनाला बोललास तू?"

आनंदरावाने कागदाची घडी घातली.

"एका शबुदानं बोलला असतास तर म्या त्याच दिशी मान सोडला असता. पोरापरास पोळी मोटी व्हय रं?" मग त्यांनी काठी उचलून माझ्याकडे रोखली. "म्या इचारलं व्हतं. ह्या मास्तरांला इचारलं व्हतं."

ही गोष्ट मी आतापर्यंत लिहिली नाही. लिहायचं टाळत आलो. एकतीस सालची होळी झाल्यावर कोंडिबा भोरला बाजाराला आले होते. सरांनी जागा अजून धरून ठेवली होती, जूनला दोन महिने होते. शाळेच्या फाटकाशी त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, "मास्तर, आमचा आनंदा हितं खुशीत हाय न्हवं? त्याला आनिक कुठं जायचं न्हाई न्हवं? आसंल तर सांगा, आमी कायतरी करू." आणि मी म्हणालो, खुशीत आहे काका, काही काळजी करू नका. तेव्हा मी स्वतःला समजावलं की दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपण कशाला पडा.

आनंदराव वळून माझ्याकडे बघत होता. बाहेर पोरांनी होळी रचली होती. कोंडिबांना दोघांनी धरून नेलं, त्यांच्या सुनेने, सगुणाबाईने, ताट पुढे केलं, आणि सदतीस वर्षांनी उंबरवाडीत पहिली पोळी पडली. जाळ उठला. पोरांनी जी बोंब ठोकली ती डोंगराला जाऊन आपटली. आम्ही दोघं देवळाच्या पायरीवर.

"विचारलं होतं त्यांनी तुला?"

"हो."

"आणि तू खुशीत आहे म्हणालास."

"हो."

"का रे?" तो ओरडला. हा त्याचा दुसरा राग, आणि त्या गलक्यात ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

मलाही ओरडूनच सांगावं लागलं. असल्या गोष्टी माणूस कुजबुजतो, मी त्या बोंबांच्या वरून ओरडलो. "भोरमध्ये मला दुसरं कोणी नव्हतं!"

त्याने जाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला होतं का?" तो म्हणाला. "माझ्या बाजूनं बोलायला मला तरी तुझ्याशिवाय कोण होतं?"

दुसऱ्या दिवशी भोरपर्यंत तो माझ्या दहा पावलं पुढे चालला. मी हाक मारली नाही.